सर्दी-खोकला घरी सांभाळताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

होम मैदानावर भरणाऱ्या गड्डा जत्रेची गर्दी ओसरली की दोन-तीन दिवसांत सोलापुरात घरोघरी नाकं गळू लागतात. सर्दीचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एवढाच वेळ लागतो. या वेळची बहुतेक पत्रं सर्दीचीच आहेत. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : दुखणं लहान आणि त्यावर चाललेली औषधं भरमसाट. म्हणून काय घ्यायचं याच्या बरोबरीने काय थांबवायचं हेही उत्तरांत सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : मुलगा ३ वर्षांचा, वजन १२ किलो. दोन दिवस नाक गळतंय, रात्री १०१ पर्यंत ताप चढतो. घरात तापाच्या दोन बाटल्या आहेत, एक मोठी आणि एक ड्रॉपरची. जाऊबाईंनी सर्दीचीही बाटली दिली आहे. कोणती, किती चमचे देऊ? (अशोक चौक)

चमच्यांचा हिशोब सोडा, वजनाचा धरा. तापाचं औषध म्हणजे पॅरासिटामॉल. मुलाच्या दर किलोला एका वेळी १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. आता बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. ‘५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम’ असेल तर साडेसात मिली. ‘५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम’ असेल तर साडेतीन मिली. ड्रॉपरच्या बाटलीत बहुधा १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम असतात, त्यामुळे तिच्यातून पावणेदोन मिलीच.

घोटाळा होतो तो इथेच. मोठ्या बाटलीचं साडेसात मिलीचं माप ध्यानात ठेवून तेवढंच ड्रॉपच्या बाटलीतून ओतलं, तर पोटात ७५० मिलिग्रॅम जातात, म्हणजे चौपटीहून जास्त. पॅरासिटामॉलचा असा मारा यकृतावर होतो आणि पहिल्या दिवशी वरून काहीच कळत नाही. म्हणून घरात एकच बाटली ठेवा, दुसरी काढून टाका. मापायला सोबतचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. घरातले चमचे एका मापाचे नसतात. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर हवं आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. दिलेली वेळ कॅलेंडरवर लिहा, नाहीतर आई एकदा देते आणि आजी पुन्हा देते.

१०१ ताप असूनही मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर औषध दिलंच पाहिजे असं नाही. औषध त्याला बरं वाटावं म्हणून द्यायचं, थर्मामीटरचा आकडा खाली आणण्यासाठी नाही. बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नका, मूल कुडकुडतं आणि आतला ताप उलट वाढतो.

सर्दीची बाटली जाऊबाईंना परत करा. त्यात बहुधा क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन ही जोडी असते. ४ वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नये, अशी सूचना बाटलीवरच छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या भेसळयुक्त औषधाने मुलांच्या किडन्या निकामी झाल्या. औषधात डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होतं. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की २ वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं नकोतच आणि ५ वर्षांखालीही सहसा नकोत. भेसळ नसली तरी या वयात त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, हा आमचा मूळ मुद्दा.

त्याऐवजी नाकात सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, दोन-दोन थेंब टाका, थोडं थोडं पातळ काही ना काही पाजत राहा आणि झोपताना अर्धा छोटा चमचा मध द्या. मधाने रात्रीची ढास खरोखर कमी होते. मात्र १ वर्षाखालच्या बाळाला मध बोटावरही चाटवू नका. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात.

एक गोष्ट आजच शिकून घ्या : श्वास मोजणं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना कपडा वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण ६० सेकंद मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. २ महिन्यांपर्यंत ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त आकडा आला तर ती साधी सर्दी नाही, न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पाणीही पीत नसेल, हाक मारूनही नीट जागं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा झटका आला असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा, १०८ बोलवा. ताप तीन दिवसांपुढे गेला तरी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आज पाचवा दिवस. शेंबूड आधी पाण्यासारखा होता, आता हिरवा-पिवळा घट्ट झाला आहे. ताप नाही. मेडिकलवाल्याने ‘इन्फेक्शन झालंय’ म्हणून अजिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या दिल्या. घेऊ का? (जुळे सोलापूर)

नको. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. विषाणूशी लढायला त्या नाकात गोळा होतात, त्यांच्यातल्या एका प्रथिनाचा रंगच हिरवट असतो. साध्या सर्दीत चौथ्या-पाचव्या दिवशी असा शेंबूड येणं अगदी नेहमीचं आहे. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. तीन गोळ्यांनी बरं वाटल्याचा अनुभव अनेकांना येतो, कारण त्या संपेपर्यंत सर्दी आपणहूनच उतरणीला लागलेली असते.

सर्दीचा क्रम असा : आधी घशात खवखव, मग शिंका आणि नाक गळणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास. मग घट्ट शेंबूड, नाक चोंदणं. ७ ते १० दिवसांत बहुतेक सगळं निवळतं, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. या क्रमात बसत नाही ते दाखवायचं. दहा दिवस उलटूनही जराही उतार नाही, किंवा बरं वाटू लागल्यावर पुन्हा ताप आणि गालाच्या हाडामागे, कपाळात दुखणं सुरू झालं, किंवा तीन-चार दिवस सलग १०२ च्या वर ताप आणि पू सारखा स्राव असेल, तर सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. तेव्हा अँटिबायोटिकचा विचार डॉक्टर करतील.

अपवाद घशाचा आहे. शाळकरी मुलाला खोकला-सर्दी नाही, पण ताप आहे, गिळताना खूप दुखतं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि जबड्याखाली गाठी दुखतात, तर थांबू नका. हा स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संसर्ग असू शकतो. तो उपचाराविना राहिला तर काही मुलांत संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. तिथे अँटिबायोटिक लागतंच आणि सांगितलेले सगळे दिवस लागतं.

प्रश्न : सर्दीत दही, केळं, भात बंद करावा का? अंघोळ? (मोहोळ)

काहीच बंद करायची गरज नाही. सर्दी विषाणूंनी होते, केळ्याने नाही. दुधाने कफ वाढत नाही, फक्त घशात थोडा वेळ चिकट वाटतं. फार थंड पदार्थाने घसा टोचत असेल तर तेवढा टाळा. कोमट पाण्याने अंघोळ करा, अंग लगेच पुसा. आजारी मुलाची भूक आधीच कमी असते, त्यात आवडीचं ताटातून काढून घेऊ नका.

प्रश्न : नात दीड महिन्याची आहे. नाक घुरघुरतं, दूध पिताना सोडून देते. अंघोळीनंतर ओवा-कापराची धुरी देतो, नाकात तेलाचे थेंब सोडतो. अजून काय करावं? (बाळे)

आजी, तुमची काळजी समजते, पण या दोन्ही गोष्टी आजपासून थांबवा. शेगडीच्या धुराने बाळाची आधीच अरुंद असलेली श्वासनळी सुजते आणि बंद खोलीत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड साठतो. कापूर तान्ह्या बाळाजवळ नकोच. तो पोटात गेला तर झटके येतात, नाकापाशी चोळला तरी श्वास अडखळू शकतो. छातीला चोळायचे बाम २ वर्षांखाली नकोत, तेही याच कारणाने. नाकात सोडलेलं तेल थेट फुप्फुसात उतरू शकतं, ते तिथून सहज निघत नाही आणि त्यातून वेगळाच न्यूमोनिया होऊ शकतो.

एवढ्या लहान बाळाला तोंडाने श्वास घ्यायची सवय नसते. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, म्हणून ते मध्येच सोडतं. त्यावर उपाय साधा आहे. मेडिकलमध्ये ०.६५ टक्क्यांचे सलाइन ड्रॉप मिळतात. पाजायच्या दहा मिनिटं आधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब टाका, मिनिटभर थांबा, सुटलेला शेंबूड मऊ सुती कापडाने टिपून घ्या. वातीने खोल कोरू नका, नाक आतून सोलतं आणि आणखी सुजतं. पाजणं थोडं थोडं पण वारंवार ठेवा. खोलीत विडी-सिगारेट, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती नको.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप आला तर घरी औषध देऊन वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात न्या. अंग गार पडणं, दूध तोडणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, हीही तेवढीच घाईची लक्षणं आहेत. या वयात ताप नसतानाही बाळ गंभीर असू शकतं.

प्रश्न : वय ६२, बीपी आणि शुगर दोन्ही. सर्दीची गोळी दिवसातून तीनदा घेतो, अंगदुखीला ६५० ची वेगळी. सून ज्येष्ठमध, मिरी, दालचिनी, गूळ घालून काढा देते. बीपी १६० च्या वर जातंय. (होटगी रोड)

गोळीच्या पट्टीची मागची बाजू वाचा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत तीन-चार औषधं एकत्र असतात आणि त्यांतलं एक पॅरासिटामॉलच असतं. म्हणजे वेगळी ६५० घेताना तुम्ही तेच औषध दुसऱ्यांदा घेता. दोन्ही मिळून २४ तासांत ३ ग्रॅमच्या आत राहा. रोज दारू घेणाऱ्यांनी किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी त्याहूनही कमी, डॉक्टरांना विचारून.

त्याच गोळीत नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं. ही औषधं रक्तवाहिन्या आवळतात, बीपी वाढवू शकतात. फिनाइलेफ्रिन तोंडाने घेतल्यास नाक मोकळं करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये दिला. तिसरं असतं क्लोरफेनिरामिन. त्याने गुंगी येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. तुमच्या वयाला हा गठ्ठा नको. नुसतं पॅरासिटामॉल घ्या, नाकाला सलाइन वापरा.

बीपी वाढायला दुसरं कारण तुमचा काढाही असू शकतो. ज्येष्ठमध रोज घेतला तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. तो काढून टाका. मिरी-दालचिनीचा कडक काढा दोन वेळा घेतल्याने जळजळ आणि तोंड येणं हे नेहमीचं. गूळ शुगर वाढवतो, ‘साखर नाही’ म्हणून तो चालत नाही. त्यापेक्षा आपल्याकडचं हुलग्याचं माडगं करा. भाजलेल्या हुलग्याचं पीठ दोन मोठे चमचे, दोन कप गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचं, चिमूटभर सुंठ, जिरं आणि अगदी थोडं मीठ घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवायचं. घरातल्या इतरांनी हवा तर गूळ घालावा. सर्दी याने एक दिवसही लवकर जात नाही, पण गरम पातळ पोटात जातं, घसा शेकतो आणि जेवण जात नसताना आधार राहतो.

आजारपणात शुगर वाढते, म्हणून रोज तपासा. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. उलट्या होत असतील, जेवणच जात नसेल तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि सर्दी हळूहळू न येता एका दिवसात १०२-१०३ ताप, अंग मोडून येणं, कोरडा खोकला असं झालं तर तो फ्लू असू शकतो. साठीपुढचे, शुगर-दमा-हृदयाचे रुग्ण आणि गरोदर बायका यांनी अशा वेळी पहिल्या ४८ तासांत डॉक्टर गाठावा. ओसेल्टामिविर हे औषध तेव्हाच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. ऑक्सिमीटर असेल तर नखपॉलिश काढून, गार बोट चोळून गरम करून मोजा. ९४ च्या खाली सतत दाखवत असेल तर थांबू नका.

प्रश्न : नाक मोकळं करणारे ड्रॉप दोन महिने रोज टाकतोय. टाकले नाहीत तर झोपच येत नाही. (विद्यार्थी, अक्कलकोट)

आता सर्दी नव्हे, ड्रॉपच नाक बंद करत आहेत. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन या औषधांनी आतल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. म्हणून ही औषधं तीन, फार तर पाच दिवसच वापरायची. सोडवायची एक पद्धत : एका नाकपुडीत आजपासून बंद, दुसरीत चालू. पहिली मोकळी राहू लागली की, साधारण आठवडाभरात, दुसरीतही बंद. मधल्या दिवसांत सलाइन भरपूर वापरा, डोकं उशांवर थोडं उंच ठेवून झोपा. तरी जमलं नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे काही आठवडे देतात, त्याने सुटणं सोपं जातं.

प्रश्न : वाफ आणि जलनेती, यांत चांगलं काय? (सात रस्ता)

नेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, पाणी नीट असेल तर. वाफेने थोडा वेळ हलकं वाटतं, सर्दीचे दिवस कमी होत नाहीत आणि मांडीवर पातेलं उलटून भाजण्याची भीती मोठी. मुलांना वाफ देऊच नका. मोठ्यांनी घ्यायची तर भांडं टेबलावर, गॅस बंद करून, पाच मिनिटं.

नेतीसाठी अर्धा लिटर पाण्यात पाऊण छोटा चमचा, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडलं की नाकात झोंबतं, जास्त झालं की कोरडं पडतं. पाणी खळखळ उकळल्यावर निदान एक मिनिट तसंच ठेवा, मग झाकून कोमट करा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते टाकी-बॅरलमध्ये साठवलेलं असतं. ते तसंच नाकात घालू नका. पिण्याला चालणाऱ्या पाण्यातही मेंदूपर्यंत पोचणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा क्वचित असू शकतो. तो पोटातून जात नाही, नाकातून जातो. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका. नाक धुतल्यावर जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडे जातं. एक नाकपुडी दाबून दुसरी हळू शिंकरा.

प्रश्न : मी विड्या वळते. वर्षानुवर्षं शिंका, नाकातून पाणी, डोळे खाजणं. ताप नाही. सर्दीच्या गोळ्यांनी तेवढ्यापुरतं थांबतं. (कुंभारी)

ताई, महिनोन्महिने चालणारी, ताप नसलेली, नाक-डोळे खाजवणारी ही सर्दी संसर्गाची नाही. ती ॲलर्जी आहे किंवा तंबाखूच्या धुळीने नाकाची सततची जळजळ आहे. यंत्रमागावरच्या सुती तंतूंनी, पावसाळ्यानंतर गाजरगवताच्या परागांनी आणि ज्वारीच्या मळणीत धुरळ्यानेही असंच होतं. खूण अशी : कामावर वाढतं, चार दिवस गावाला गेलं की कमी होतं.

सुपातला तंबाखू चाळायचा-पाखडायचा असेल तर अंगणात, वारा पाठीमागून येईल असं बसून. नाक-तोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा, पदराने बारीक धूळ अडत नाही. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. काम संपलं की तोंड-हात धुवा, साडी बदला, नाक सलाइनने धुवा आणि मगच लहान मुलांना जवळ घ्या. तंबाखू आणि झोपायची जागा एका खोलीत असेल तर निदान डबा बंद ठेवा.

औषधांत सेट्रिझिन १० मिलिग्रॅम रात्री एक, गुंगी येऊ शकते हे धरून. पण रोजच्या त्रासावर खरा इलाज स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे आहे, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या. अनेकांना ‘उपयोग नाही’ वाटतं ते चुकीच्या पद्धतीमुळे. मान किंचित पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या. नळी मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेर कानाच्या दिशेला. जोरात ओढू नका, घशात उतरतो. पूर्ण गुण यायला दोन आठवडे रोज वापरावा लागतो.

खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, वजन उतरलं, संध्याकाळी कणकण येते किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर त्याला धूळ किंवा ॲलर्जी म्हणून सोडून देऊ नका. बेडक्याची टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, औषधंही मोफत. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, असं सुताच्या धुळीत काम करणाऱ्या कोणाला होत असेल तर त्यानेही छातीची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : ताप आला की सर्दीचा की डेंगीचा, घरी कसं ओळखायचं? (जुना विडी घरकुल)

नाक गळणं आणि शिंका जोरात असतील तर डेंगीची शक्यता कमी. नाक कोरडं, एकाएकी चढलेला मोठा ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, हाडं मोडल्यासारखी अंगदुखी, अंगावर लाल पुरळ असं असेल तर रक्त तपासा. नक्की होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर ती थांबवायची की नाही हे डॉक्टरांना विचारा.

डेंगीत खरा धोका ताप उतरताना असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणं सुरू होतं. यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी भरती करा. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाणी भरलेले हौद-बॅरल घट्ट झाका आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून आतली कड घासून काढा. अंडी कडेलाच चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीची फक्त एकच नाकपुडी आठ दिवस वाहते, घाण वास येतो. (बार्शी)

ही सर्दी नाही. शेंगदाणा, मणी, फुटाणा असं काहीतरी आत अडकलं असणार. चिमटा-पिन घालू नका, वस्तू मागे सरकून श्वासनळीत जाऊ शकते. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. घड्याळातला किंवा खेळण्यातला बटणसेल असल्याची शंका असेल तर तासाभराचाही उशीर नको, तो नाकाचा मधला पडदा काही तासांत जाळतो.